गळक्या खिडकीवर सिलिकॉन फासलं की तक्रार ‘निकाली’: दोष कुणाचा?

काटकोन (धागाकर्ता)

नव्या खिडक्यांच्या तक्रारींचा क्रम आता पाठ झाला आहे. पहिल्या जोरदार पावसात खिडकीखालची भिंत ओली होते. तक्रार नोंदवली जाते, फोनवर फोन होतात, मग एक जण येतो, बाहेरून सिलिकॉनची रेघ ओढतो, सही घेतो आणि तक्रार बंद होते. पुढच्या पावसात ओल पुन्हा त्याच जागी, आणि आता तक्रार क्रमांक मात्र नवा.

माझं मत स्पष्ट आहे. बहुतेक वेळा प्रोफाइल (चौकट ज्या पट्ट्यांची बनते ते) सदोष नसतं, काचही नसते. दोष बसवण्यात असतो, आणि हमीपत्रं अशी लिहिलेली असतात की तो दोष कुणाच्याच पदरात पडत नाही. प्रोफाइलवाला हमी देतो रंगाची आणि आकाराची, काचवाला काचेची, हार्डवेअरवाला बिजागऱ्या आणि कुलपांची. चौकट आणि भिंत यांच्यातल्या बोटभर फटीची हमी कोण देतं? कुणीच नाही. पाणी बरेचदा तिथूनच शिरतं.

ती फट कशी भरायची हे काही गुपित नाही. चारही बाजूंना ५ ते १० मिमी मोकळी जागा, चौकटीखाली पॅकर (आधाराचे चपटे तुकडे), पहिला फास्टनर (चौकट भिंतीला धरणारा स्क्रू) कोपऱ्यापासून १५० ते २५० मिमीवर आणि पुढचे ६०० मिमीपेक्षा जास्त अंतरावर नकोत. आत फोम, बाहेरच्या तोंडाशी फोमचीच गोल दोरी (बॅकर रॉड) दाबून बसवायची आणि तिच्यावर सीलंट (सिलिकॉनसारखं फट बुजवणारं लवचीक द्रव्य). सीलंटची खोली रुंदीच्या निम्मी असावी, म्हणजे १० मिमी फटीला ५ मिमी. दोरी न घालता सीलंट ठासलं तर ते दोन बाजूंबरोबर तळालाही चिकटतं. मग फट थोडी रुंदावली की त्याला ताणायला वाव उरत नाही आणि ते कडेने सुटतं. नुसत्या पॉलियुरेथेन फोमवर भागवलेलंही दिसतं. फोम पाणी अडवत नाही, आणि उघडा राहिला तर उन्हाने पिवळा पडून भुगा होतो.

सिमेंट ठासून चौकट ‘पक्की’ करणं तर सगळ्यात वाईट. यूपीव्हीसीची (कडक प्लास्टिकची) २ मीटरची पट्टी तापमानात ४० अंशांचा फरक पडला की साडेपाच मिमीच्या आसपास लांबी बदलते. अ‍ॅल्युमिनियमची जेमतेम २ मिमी. फट ठेवलीच नसेल तर ती लांबी जाणार कुठे? पट्टी बाक धरते, पल्ला (खिडकीचा उघडणारा भाग) अडकतो, त्याच्या कडेच्या रबराचा दाब एका बाजूला सुटतो.

म्हणून माझा आग्रह असा: शेवटचा १० टक्के हप्ता पाण्याच्या चाचणीआधी देऊ नका, आणि ही अट ऑर्डरवरच लिहून घ्या.

---

वर्कशॉपवाला

असहमत. फट, फास्टनर, सीलंट हे सगळं बरोबर आहे, पण दोष बसवणाऱ्यावर ढकलताना तुम्ही खिडकीसाठी भिंतीत सोडलेल्या भोकाबद्दल एक अक्षर लिहिलं नाही.

खिडकीचं माप घेताना रुंदी तीन ठिकाणी, उंची तीन ठिकाणी आणि दोन्ही कर्ण मोजतात. चौकट सर्वांत लहान मापावर बनते. दोन कर्णांत ३-४ मिमीचा फरक सांभाळून घेता येतो. भोकाच्या कर्णांत १५ मिमीचा फरक असेल तर गुनियात (अचूक काटकोनात) बनवलेली चौकट बसल्यावर एका कोपऱ्यात फट ५ मिमी आणि दुसऱ्यात २० मिमी होणारच. अशा असमान फटीत सीलंट टिकवणं अवघड. आधी गिलावा करून भोक सरळ करा असं सांगितलं की उत्तर येतं, ‘तुम्ही बसवा, आमचा गवंडी नंतर भरून घेईल.’ तो गवंडी सिमेंटच भरतो.

दुसरं, खिडकी ताब्यात दिल्यानंतर काय होतं ते बघा. फरशीवाला खालच्या पट्टीत सिमेंटचं पाणी सांडतो, रंगारी पुट्टी भरतो. खालच्या पट्टीला बाहेरून पाणी निघून जायला खाचा असतात, साधारण ५ मिमी रुंद आणि २५-३० मिमी लांब. त्या बुजल्या की ट्रॅकची (पल्ला सरकतो त्या खोबणीची) पन्हळ होते आणि पाणी आत पलटतं. बुजलेली खाच खिळ्याने मोकळी करायला फार वेळ लागत नाही. तक्रार मात्र ‘सदोष खिडकी’ अशी नोंदवली जाते.

आणि १० टक्के. लहान वर्कशॉपचा नफा कित्येकदा तेवढ्यातच असतो. चाचणीला हरकत नाही, पण तिला तारीख हवी: बसवल्यापासून सात दिवसांच्या आत. ‘पाऊस पडल्यावर बघू’ म्हणून थांबवलेले पैसे परत मिळत नाहीत.

---

चित्रलेखा

दोन्ही प्रतिसादांत ग्राहकाने काय काय शिकून घ्यावं याचीच यादी आहे. घर घेणाऱ्याने कर्ण मोजावेत, बॅकर रॉड ओळखावा, गवंडी आणि फॅब्रिकेटर (खिडकी बनवणारा) यांची तारीखही जुळवून द्यावी? मग विकणाऱ्याचं काम काय उरलं?

जाहिरातीवर मोठ्या ब्रँडचं नाव असतं, दालनात त्याच नावाचा नमुना असतो, पावती मात्र ‘अधिकृत फॅब्रिकेटर’च्या नावाची निघते. तक्रारीच्या वेळी ब्रँड म्हणतो, आम्ही फक्त प्रोफाइल देतो. फॅब्रिकेटर म्हणतो, बसवणारी टोळी कंत्राटी होती. वर्कशॉपवाला, भोक वाकडं आहे हे माप घेणाऱ्याला त्याच दिवशी कळतं. त्याने ते मापाच्या कागदावर लिहून ग्राहकाची सही का घेऊ नये? तोंडी सांगितलेलं दोन्हीकडच्या सोयीने विसरलं जातं.

माझ्या मते खरी मागणी एकच असावी: माप, बनावट आणि बसवणं यांचा करार एकाशीच, आणि हमीपत्रात ‘चौकट व भिंत यांतील जोड’ या शब्दांसह वेगळी ओळ.

तोवर निदान तक्रार तरी अशी लिहावी की ती सहज बंद करता येणार नाही. ‘खिडकी गळते’ एवढं लिहिलं की सिलिकॉन येतं. त्याऐवजी:

‘बैठकीची सरकती खिडकी, १८०० × १२०० मिमी, बसवल्याची तारीख अमुक. आतून बघता डाव्या खालच्या कोपऱ्यात, चौकट आणि गिलावा यांच्या सांध्यातून पाणी. ट्रॅक कोरडा. चौकटीचे कर्ण २१६८ आणि २१५९ मिमी, फरक ९ मिमी. मोजपट्टी लावलेले फोटो सोबत. गळतीचं कारण लेखी कळवावं. कारण न कळवता केलेलं सीलंटचं काम दुरुस्ती मानलं जाणार नाही.’

माणूस आला की कामाच्या कागदावर ‘समस्या सुटली’ अशा छापील वाक्याखाली सही मागतात. तिथे ‘सीलंट लावले, पाण्याची चाचणी बाकी’ एवढं हाताने लिहून मगच सही करावी.

---

निचरा

तक्रारीचा मसुदा उत्तम. पण धाग्याच्या गाभ्याशी मी असहमत आहे. उत्तम बसवलेली, काटकोनात असलेली, सगळ्या खाचा मोकळ्या असलेली सरकती खिडकीसुद्धा गळते, आणि त्याला कारण साधं भौतिकशास्त्र आहे.

वारा खिडकीवर आदळला की बाहेरचा दाब आतल्यापेक्षा वाढतो. हा फरक पाण्याच्या उंचीत मोजता येतो: वाऱ्याचा वेग मीटर प्रति सेकंदात घ्या, त्याचा वर्ग करा, ०.०६ ने गुणा, उत्तर मिमीत. सेकंदाला १० मीटरला ६ मिमी, १५ मीटरला साधारण १४ मिमी, २० मीटरला (ताशी ७२ किमी) २४ मिमी. दाब असेपर्यंत ट्रॅकमधलं पाणी बाहेर पडत नाही, ते तेवढ्या उंचीपर्यंत साचून राहतं. आता ट्रॅकची आतली कड मोजा. पाणी जिथे साचतं तिथपासून कड १५ मिमी असेल तर २० मीटरच्या झोताला पाणी आत येणारच. बसवणाऱ्याने काहीही केलं तरी.

बरं, अशा वेळी बाहेरून सिलिकॉन मारल्याने काय होतं? घाईत खाचांचं तोंडच बंद होतं. आधी फक्त वादळात गळणारी खिडकी मग साध्या पावसातही गळू लागते.

माझ्या लेखी दोष विक्रीच्या टेबलावर होतो. थेट पावसाळी वाऱ्याला तोंड असलेल्या भिंतीला, वरच्या मजल्यावर, कमी उंचीच्या कडेची सरकती खिडकी विकली कशी? तिथे बिजागरीची, बाहेर उघडणारी खिडकी हवी. तिचा पल्ला चहूबाजूंनी रबरावर दाबला जातो, सरकत्या खिडकीत ब्रशसारखी लोकर असते आणि हवा थोडी सुटतेच. सरकतीच हवी असेल तर उंच कडेचा ट्रॅक मागा आणि आतल्या फरशीपेक्षा तो वर येणार हे मान्य करा.

एक उपाय बिनखर्चाचा आहे. वादळात वाऱ्याच्या विरुद्ध बाजूची खिडकी उघडी ठेवू नका. तिकडून घरातला दाब आणखी कमी होतो आणि समोरच्या खिडकीतून पाणी जास्त ओढलं जातं.

---

काटकोन

निचरा, सरकत्या खिडक्यांपुरतं मान्य, गणितासह. पण मग तपासणारा माणूस हे दोन प्रकार वेगळे ओळखू शकला पाहिजे, आणि तेच होत नाही. ओळखण्याचा क्रम असा:

खिडकी बंद करून ट्रॅकमध्ये अर्धा लिटर पाणी सावकाश ओता. काही मिनिटांत ते बाहेर निघून गेलं तर खाचा ठीक. चौकटीच्या खालच्या कोपऱ्यातून भिंतीत उतरलं तर कोपऱ्याचा जोड फुटका आहे (यूपीव्हीसीत पट्ट्या वितळवून केलेला जोड तडकलेला, अ‍ॅल्युमिनियममध्ये सांध्यात सीलंटच नाही). ही गळती बाहेरून कितीही सिलिकॉन मारलं तरी थांबत नाही, कारण पाणी चौकटीच्या आतूनच खाली जातं.

यात काही सापडलं नाही तर बाहेरून पाइपाने पाणी. सुरुवात खालून: आधी फक्त खालचा सांधा पाच मिनिटं, मग दोन्ही बाजू, शेवटी वरचा सांधा. वरून सुरू केलं तर पाणी सगळीकडे ओघळतं आणि काही कळत नाही. आत एक जण कोरडा कागद आणि टॉर्च घेऊन हवा. वरच्या सांध्यापर्यंत सगळं कोरडं राहिलं आणि तरी वादळात गळतं, तर निचरा म्हणतात तो प्रकार.

---

वर्कशॉपवाला

चाचणी मान्य, एका अटीवर. पाइपाला चिमटा लावून जवळून झोत मारायचा नाही. पाऊस तसा पडत नाही आणि तशा झोताला चांगलं रबरही उचलतं. भिंतीवरून पाणी वाहील इतपत धार पुरे.

सिलिकॉनबद्दल बोलायचं तर प्रकार बघा. व्हिनेगरसारखा उग्र वास येतो ते आम्लधर्मी सिलिकॉन स्वस्त असतं. ते सिमेंटला नीट धरत नाही, धातू गंजवतं आणि दुहेरी काचेच्या कडेच्या सीललाही मारक ठरतं. भिंतीच्या सांध्याला न्यूट्रल (आम्लधर्मी नसलेलं) सिलिकॉनच हवं. तेही जुनं पूर्ण खरवडून, पृष्ठभाग कोरडा आणि धूळमुक्त करून. जुन्या सिलिकॉनवर नवं धरत नाही, आणि ओल्या भिंतीवर तर नाहीच. भर पावसात ‘आजच या’ म्हणून बोलावलं तर येणारा माणूस जे करेल ते टिकणार नाही, हे ग्राहकानेही समजून घ्यावं. त्या दिवशी फक्त तपासणी करून घ्या.

---

मंदार२

काचेचा, विशेषतः दुहेरी काचेचा, विषय राहिला. तिथे ग्राहकसेवेची दोन ठरलेली उत्तरं आहेत आणि दोन्ही तपासून घ्यायला हवीत.

पहिलं: ‘बाष्प धरणं नैसर्गिक आहे.’ काच आतून पुसा, बाहेरून पुसा. पुसलं जात असेल तर प्रश्न घरातल्या दमटपणाचा. दोन्हीकडून पुसूनही धुरकटपणा राहिला तर बाष्प दोन काचांच्या मध्ये आहे, म्हणजे कडेचं सील गेलं. स्पेसरमधले (दोन काचांमधल्या कडेच्या पट्टीतले) ओलावा शोषणारे दाणे भरले की ते पुन्हा कोरडे होत नाहीत. असं युनिट (दोन काचांचा बंद संच) बदलावंच लागतं, चौकट काढायची गरज नाही, फक्त बीडिंग (काच धरून ठेवणारी पट्टी). बऱ्याच युनिटांच्या स्पेसरवर बनावटीची माहिती छापलेली असते, तिचा फोटो तक्रारीला जोडा. जुनं युनिट निघाल्यावर खाली पॅकर आहेत का ते नक्की बघा. काच थेट चौकटीच्या खाचेत टेकली असेल तर तिची कड साचलेल्या पाण्यात उभी असते, आणि नवं युनिटही तसंच जाईल.

दुसरं: ‘काहीतरी आपटलं असणार.’ टफन्ड काच (तापवून झटकन थंड करून मजबूत केलेली) आत राहिलेल्या निकेल सल्फाइडच्या सूक्ष्म कणामुळे कुणी हात न लावताही फुटू शकते. काच जागेवर टिकून असेल तर फुटीचा उगम शोधा: फुलपाखराच्या पंखांसारखे दोन जरा मोठे तुकडे एका सरळ रेषेवर जोडलेले दिसतात. झाडण्याआधी जवळून फोटो काढा आणि ते दोन तुकडे जपून ठेवा. नव्या काचेला ‘हीट सोक’ चाचणी (कारखान्यात तापवून ठेवून सदोष काच आधीच फुटू देणं) झालेली हवी असं लिहून द्या. हा धोका त्याने खूप कमी होतो, शून्य होत नाही.

---

चित्रलेखा

मंदार, हे दाखवून देणं पुन्हा ग्राहकावरच आलं. काचेच्या तुकड्याची तपासणी पुरवठादाराने करून लेखी निष्कर्ष द्यावा, एवढी अपेक्षा जास्त नाही.

वर्कशॉपवाला, थेट प्रश्न: सात दिवसांत चाचणी आणि त्याच दिवशी उरलेले पैसे हातात, या बदल्यात तुम्ही ‘चौकट व भिंत यांतील जोड, ५ वर्षं’ असं लिहून द्याल का?

---

वर्कशॉपवाला

देईन, पण भोकाचा गिलावा माझ्या देखरेखीखाली झाला तर. चौकट बसल्यावर त्या सांध्याला दुसऱ्या कुणाचा थापी-ब्रश लागला तर ती ओळ रद्द. आणि पाच नाही, तीन वर्षं. उन्हाकडच्या भिंतीवर सीलंटची कड दर वर्षी बघावी लागते, आणि ती बघायला मला घरात येऊ देणार का, हेही त्याच कागदावर लिहा.