मदत हवी आहे: १९६६ मस्टँग कन्व्हर्टिबल, छत आणि काचेमधली फट

नमस्कार मंडळी, इथे न्यू जर्सीत माझ्याकडे १९६६ ची फोर्ड मस्टँग कन्व्हर्टिबल (छत उघडता येणारी गाडी) आहे, नवीन कापडी छत आणि साइड रेलची (छताच्या सांगाड्याची काचांच्या वर येणारी बाजूची पट्टी) सगळी रबरं बसवून घेतलीत, पण ड्रायव्हरच्या बाजूला दाराची काच जिथे मागच्या छोट्या काचेला भेटते तिथे वर बोट जाईल एवढी फट राहते आणि पुढे विंडशील्डजवळ मात्र रबर इतकं दाबलं जातं की दार जोर लावून बंद करावं लागतं. काचेला चौकट नाही ना, त्यामुळे काच कुठे थांबते आणि रेल किती खाली येतो यावरच सगळं.

दार आणि बॉडीमधले गॅप ठीक आहेत. प्रश्न आधी काय जुळवायचं, या क्रमाचा आहे. मला वाटतं आधी छत पुढे विंडशील्डच्या चौकटीला लॅच करून, मागच्या पॅनलच्या आतल्या लिंक ब्रॅकेटचे (छताचा सांगाडा जिथे गाडीला जोडतो तो भाग) बोल्ट सैल करून रेल सरळ रेषेत आणायचा, मग काचेचे अप-स्टॉप (काच वर कुठे थांबते ते ठरवणारे तुकडे) आणि काचेचा आतबाहेरचा कल जुळवायचा. ओळखीतले एक काका म्हणतात आधी काचा.

ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी प्लीज सांगा, आणि नवीन कापड जरा सैल पडेपर्यंत थांबावं का? पाणी आत झिरपून खालचा पत्रा गंजायला नको, फार जीव आहे या गाडीवर.