विषय: रात्री चालायला बॅटरी कुठली आणू?

नमस्कार मंडळी,
डिसेंबरात गावाकडं येतोय. जांबोटीच्या पुढं मावशीच्या शेतात पोरांना घेऊन तंबू ठोकून राहायचं आहे आणि एक दिवस येळ्ळूरहून पहाटे अंधारातच राजहंसगड चढायचा आहे. इथं ऑनलाईन एक लाख लुमेनची बॅटरी स्वस्तात दिसतीय, तीच घेऊ का? खानापूर भागात रात्री फिरलेल्या कुणीतरी सांगा की.

---

भावा, ती एक लाखवाली अजिबात घेऊ नको. चांगला एलईडी एका वॅटला साधारण १००-१५० लुमेन (उजेडाचं माप) देतो, म्हणजे एक लाखाला सातशे ते हजार वॅट लागतील, इस्त्रीला लागते तेवढी वीज, ती मुठीतल्या एका सेलातून कुठनं येणार? तसंच ज्या १८६५० सेलावर (हा आकडा म्हणजे सेलाचं माप, १८ मिमी जाड, ६५ मिमी लांब) ९९०० एमएएच (सेलात किती वीज साठते ते) छापलंय तो बघायचासुद्धा नाही, चांगल्या कंपनीचा त्या मापाचा सेल ३५००-४००० च्या आसपास थांबतो. जास्त वेळ पाहिजे तर त्याहून मोठ्या २१७०० सेलवाली घे, त्यात ५००० च्या आसपासचे सहज मिळतात.

डब्यावरचा टायमिंगचा आकडा पण नीट वाच. एएनएसआय एफएल१ ह्या बॅटऱ्या मोजायच्या ठरलेल्या पद्धतीत उजेड सुरुवातीच्या १० टक्क्यांवर येईपर्यंतचा वेळ धरतात, आणि टर्बो मोड, म्हणजे सगळ्यात जास्त उजेड, तर एकदोन मिनिटांत गरम होऊन आपोआप खाली येतो, त्यामुळं २००-३०० लुमेनवर किती तास चालते ते बघून घे, चालायला तेवढा उजेड भरपूर होतो.

आता आपल्याकडची खरी अडचण म्हणजे धुकं. जांबोटी-कणकुंबीकडं पहाटे धुकं उतरलं की कपाळावरच्या हेडटॉर्चचा उजेड डोळ्यांसमोरच्या थेंबांवरनं परत येतो आणि पांढरा पडदा लावल्यागत होतं, पुढचं पाऊल दिसत नाही. तंबूत स्वयंपाक करायला हेडटॉर्च मस्त, पण धुक्यात बॅटरी हातात घे, कमरेच्या खाली धर आणि उजेड कमी कर. खालनं आडवा उजेड पडला की जांभ्याच्या सुट्या दगडाची, मुळाची सावली लांब पडते आणि वाट वाचता येते. पाचोळ्यात वेटोळं करून बसलेलं फुरसं पण असंच कळतं, वरनं झगझगीत निळसर पांढरा मारलास तर पाचोळा आणि फुरसं एकाच रंगाचं दिसतंय. म्हणून ४००० ते ५००० केल्विनचा (म्हणजे निळसर नसलेला, साध्या पांढऱ्या उजेडाचा), सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, १०० पैकी) ९० च्या पुढचा एलईडी असलेली घे, लुमेन थोडे कमी असले तरी चालतील. आणि पोरांना बूट घालूनच चालव, चपला नकोत.

गवा समोर आला, डोळे चमकले, तर उजेड त्याच्या तोंडावर धरून उभा राहू नको, खाली कर आणि सावकाश मागं ये. भीमगड अभयारण्यात मात्र वनखात्याच्या परवानगीशिवाय पाऊल टाकायचं नाही, रात्री तर नाहीच. तळेवाडीकडच्या बारापेडे गुहेत रॉटनची फ्री-टेल्ड वटवाघळं आहेत, अतिशय दुर्मिळ, त्यांच्यावर कुणी बॅटरी मारतोय ऐकलं की माझा जीव तुटतो.

– खानापूरवाला

---

दादा, खूप आभार! २१७०० वाली बघितली, आयपीएक्स८ (पाण्यात बुडाली तरी चालणारी) आहे, जास्तीचा एक सेल पण घेतोय. विमानात चालेल ना?

---

सुटा सेल चेक-इन बॅगेत टाकायचा नाही, हातातल्या बॅगेत ठेव, प्लास्टिकच्या डबीत, म्हणजे किल्ल्या-नाण्यांना लागून शॉर्ट व्हायचा नाही. बॅटरी पण तिथंच ठेव आणि मागची टोपी थोडी सैल कर, बहुतेकांत तेवढ्यानं सर्किट तुटतं आणि बॅगेत आपोआप लागत नाही. पोरांसाठी एकेक छोटी साधी बॅटरी वेगळी घे, ती एएए सेलवाली असू दे, ते सेल जांबोटीच्या दुकानात पण मिळतील.

– खानापूरवाला