हँडबिल्ट सायकल : बांधलेली, घडवलेली की बेतलेली?

अनुस्वार :
एका माहितीपत्रकाचं मराठी करतेय आणि पहिल्याच ओळीला अडलेय. विषय आहे हँडबिल्ट माउंटन बाईक, चालवणाऱ्याच्या उंचीप्रमाणे फ्रेम वेगळी करून देतात ती. मी 'हाताने बांधलेली सायकल' लिहिलं आणि इथे नाशिकला अशोकस्तंभाजवळ आमचे नेहमीचे सायकलवाले काका आहेत त्यांना वाचून दाखवलं, तर ते म्हणाले अहो ताई, बांधलेली म्हणजे मी रोज बांधतो की, खोक्यातून फ्रेम येते, चाकं चढवली, चेन टाकली, चाकाचा आऊट म्हणजे डुगडुग काढली, झाली सायकल बांधून. इथे तर नळ्या कापून फ्रेमच नवी केलीय, त्याला बांधणं कसं म्हणता? मग काय म्हणू? हस्तनिर्मित म्हटलं की हातकागदाच्या वह्या डोळ्यासमोर येतात.

सातपूरकर :
घडवलेली. दागिना घडवतात, भांडं घडवतात, मग सायकल का नाही? तांबट लेनमधून जाताना लहानपणी जो ठोक्यांचा आवाज कानात बसलाय त्याला दुसरा शब्दच नाही. आणि 'माउंटन बाईक' तर आधी काढा, आपल्याकडे बाईक म्हणजे मोटरसायकल.

टूलरूमवाला :
दादा, तांबट पत्रा ठोकून आकार देतो म्हणून ते घडवणं. फ्रेम करताना ठोकत नाहीत. एका नळीचं तोंड दुसरीच्या गोलाईला बरोबर बसेल असं कोरायचं, जिगमध्ये, म्हणजे नळ्या पकडून ठेवणाऱ्या साच्यात, कोन पक्के करायचे आणि मग पितळेने झाळायचं नाहीतर टिग वेल्डिंग, म्हणजे विजेच्या ठिणगीने नळ्याच वितळवून जोड, करायचं. क्रोमोलीची, म्हणजे क्रोम-मॉलिब्डेनमच्या पोलादाची, चांगली नळी टोकांना जाड आणि मध्ये पातळ असते, जाड म्हणजे तरी किती, ०.९ मिलिमीटर, आणि मध्ये ०.६, तिथे हात चुकला की नळी गेली. अंबडच्या एमआयडीसीत बावीस वर्षं काढलीत, हे काम बघितलं की हात जोडावेसे वाटतात. माझं मत 'हातजोडणीची'.

मेनरोड :
जोडणी म्हणजे तर काकांनी सांगितलेलं बांधणंच झालं ना? फिरून तिथेच. 'बांधणी'त मला काही चूक दिसत नाही, जहाजबांधणी म्हणतोच, ट्रकची बॉडी बांधतात म्हणतो, तिथे कोणी खोक्यातून जहाज काढत नाही.

पानगळ :
तुम्ही सगळे 'हँड' आणि 'बिल्ट'ला धरून बसलात, मला वाटतं या सायकलीत खरी गोष्ट माप आहे. त्याला आपल्याकडे शिंप्याचा शब्द आहे, बेतणे. कापड अंगावर बेततात तशी सायकल अंगावर बेतलेली. माझी आई शिवणकाम करायची, कात्री लावायच्या आधी खडूने रेघा मारून बराच वेळ नुसती बघत बसायची आणि आम्ही काही विचारलं तर म्हणायची थांब, बेततेय. हिंदीतलं ब्योंतना आणि आपलं बेतणं एकच असावं आणि 'काय बेत आहे' मधला बेतसुद्धा तोच, असं मला फार दिवस वाटतंय.

सातपूरकर :
पण 'जिवावर बेतलं' पण म्हणतो आपण! आंजनेरीच्या उतारावर जाणाऱ्या माणसाला बेतलेली सायकल देणार? शिवाय 'बेताची' म्हटलं की परिस्थिती बेताची, तब्येत बेताची. सव्वा लाखाची सायकल आणि बेताची?

पानगळ :
बेताची आणि बेतलेली यात फरक आहे. शब्दाला एक वाईट नातेवाईक आहे म्हणून त्याला घराबाहेर काढायचं का?

अनुस्वार :
बेतलेली मला आवडलाय. पण आता दुसरीच शंका, 'उंचीप्रमाणे' हे तरी बरोबर आहे का?

टूलरूमवाला :
अजिबात नाही, आणि हे पत्रकात दुरुस्त कराच. उंचीवरून स्मॉल, मीडियम, लार्ज कारखाना ठरवतो. हाताने करणारा पायाचं आतलं माप घेतो, धड घेतो, हात घेतो. सीटच्या उंचीचा जुना हिशोब म्हणजे पायाचं आतलं माप गुणिले ०.८८३. आता दोघं १६८ सेंटिमीटरचे, एकाचा पाय ७४ चा, दुसऱ्याचा ८०, तर सीट एकाची ६५.३ वर आणि दुसऱ्याची ७०.६ वर, पाच सेंटिमीटरचा फरक आणि उंची तीच! माझी मुलगी चार फूट अकरा इंच, तिला २९ इंची चाकं असलेल्या तयार सायकलवर वळताना बुटाचं टोक पुढच्या चाकाला लागायचं. क्रँक (पायडल बसतं तो दांडू) छोटी, चाक लहान, दांडा उतरता केल्यावर तीच मुलगी पांडवलेणीच्या मागच्या वाटेवर माझ्या पुढे जाते.

मेनरोड :
ही सायकल जन्मालाच हाताने आलीय. जो ब्रीझ नावाच्या सायकल बनवणाऱ्याने १९७७ मध्ये कॅलिफोर्नियात खास डोंगरउतारासाठी फ्रेम केल्या, त्याआधी तिथली मुलं जुन्या जाड टायरच्या सायकली पळवायची. कारखाने नंतर आले. म्हणून म्हणतो 'हात' शब्दातून काढू नका.

गोदाकाठ :
उशिरा वाचतेय. 'उतरता दांडा' लिहिलंत त्याला हरकत आहे, दांडा आडवाच. ज्याच्यावर धाकटा भाऊ बसायचा आणि उतरल्यावर पाय बधिर झालेले असायचे तो दांडा. तिरपी असेल तर वरची नळी म्हणा.

सातपूरकर :
नळी नळाला. सायकलला दांडाच, तिरपा असला तरी.

अनुस्वार :
सोमवारी पत्रक द्यायचंय हो. 'अंगावर बेतलेली, हाताने केलेली डोंगरी सायकल' चालेल का?

पानगळ :
'केलेली' फार पडेल आहे.

गोदाकाठ :
दांड्यावरून आठवलं, वडिलांची चोवीस इंची काळी सायकल होती, सीटपर्यंत पोचायचेच नाही, मग दांड्याखालून पाय घालून अख्खा गंगाघाट पालथा घातलाय. आम्ही त्याला हाफ पायडल म्हणायचो.

मेनरोड :
आमच्याकडे मालेगावला कैची. त्याला अस्सल मराठी शब्द कोणाला माहितीय?