मदत हवी आहे : अमेरिकेत २६९-२६९ अशी बरोबरी झाली तर?

मंडळी, अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीबद्दल एक शंका आहे, जाणकारांनी जरा उलगडून सांगा. एकूण ५३८ इलेक्टोरल मतं (म्हणजे अध्यक्ष निवडण्यासाठी राज्याराज्यांना वाटून दिलेली मतं), जिंकायला २७० लागतात, इथवर ठीक. बहुतेक राज्यांत ज्याला एका मताची का होईना आघाडी, त्याच्याच पदरात राज्याची सगळी इलेक्टोरल मतं. म्हणून तर २००० साली फ्लोरिडातल्या अवघ्या ५३७ मतांच्या फरकावर जॉर्ज बुश अध्यक्ष झाले आणि देशभरात जास्त मतं मिळवूनही त्यांचे प्रतिस्पर्धी अल गोर घरी बसले. (मेन आणि नेब्रास्काची चूल वेगळी, तिथे मतदारसंघांनुसारही वाटणी होते.)

माझी गाडी अडते ती पुढे. बरोबरी झाली तर निवड प्रतिनिधीगृहाकडे (तिथल्या संसदेच्या कनिष्ठ सभागृहाकडे) जाते आणि तिथे प्रत्येक राज्याला एकच मत. म्हणजे ५२ सदस्यांचा कॅलिफोर्निया आणि एकुलत्या एक सदस्याचा वायोमिंग सारखेच! अजब कारभार आहे. जिंकायला २६ राज्यं हवीत. पण एखाद्या राज्याचे सदस्य निम्मे-निम्मे फुटले तर त्या मताचं काय? उपाध्यक्ष निवडायचा सिनेटनं, म्हणजे वरिष्ठ सभागृहानं, मग दोघं वेगळ्या पक्षांचे येऊ शकतात का? आणि २० जानेवारीपर्यंत, म्हणजे नव्या अध्यक्षाच्या शपथविधीच्या दिवसापर्यंत, घोळ मिटलाच नाही, तर खुर्चीवर कोण बसणार?