इंजेक्शन फक्त डॉक्टरनेच द्यायचं? मग वॉर्डच बंद करा!

सुनंदा_इंचार्ज: "हॉस्पिटलात औषध द्यायचा अधिकार फक्त डॉक्टरला हवा, नर्सच्या हातात सिरिंज म्हणजे जुगार." कालची ही पोस्ट वाचून डोकं उठलं. लिहिणाऱ्याने सरकारी मेडिसिन वॉर्ड रात्री कधी पाहिलाय? खाटा भरलेल्या, खाली गाद्या, सिस्टर दोन आणि रेसिडेंट डॉक्टर एक, तोही कॅज्युअल्टीत अडकलेला. दहाचा अँटिबायोटिक त्यानेच येऊन द्यायचा म्हटलं तर उजाडेल. नर्सिंगच्या जीएनएम डिप्लोमाची तीन वर्षं, बीएस्सीची चार, वर नर्सिंग कौन्सिलची नोंदणी, ती काय उशा झटकायला? पेशंटचं नाव, औषध, डोस, शिरेत की स्नायूत, वेळ, हे सगळं बघूनच सुई लागते. झोपेत कुणी पोटॅशियम क्लोराइड "आयव्ही, स्टॅट" (शिरेतून, ताबडतोब) एवढंच खरडलं, तर "सर, किती सलाइनमध्ये? किती वेगाने?" हा फोन आम्हीच करतो. ती अँप्यूल तशीच शिरेत ढकलली की हृदय बंद पडतं.

मिरजकर: पोस्ट माझीच. तुमच्या वॉर्डाचं असेल खरं. माझ्या वडिलांच्या नर्सिंग होममध्ये पांढऱ्या ड्रेसमधली पोरगी इन्सुलिनच्या पेनमधल्या कार्ट्रिजमधून लाल टोपीच्या सिरिंजने औषध ओढत होती. सिरिंज एका मिलीला ४० युनिटची, कार्ट्रिज एका मिलीला १०० चं. दहाच्या खुणेपर्यंत भरलं की जातात २५ युनिट! मला स्वतःला डायबिटीस, म्हणून कळलं. हात धरला. कोर्स कुठे केला, विचारलं तर "इथंच शिकले, मॅडमनी शिकवलं."

सुनंदा_इंचार्ज: मग ती नर्स नव्हतीच! शिव्या आम्हाला कशाला?

मिरजकर: पेशंटला कसं कळायचं? ड्रेस तोच, हाक तीच.

तालुका_डॉक्टर: वीस खाटांचं हॉस्पिटल चालवतो. जीएनएम पोरगी आली की सहा महिन्यांत पुणं नाहीतर आखात गाठते. विमावाले बिल कापतात, पेशंट डिस्चार्जला हात जोडतो. मी तयार केलेल्या मुली लहान बाळाची शीर पहिल्या टोच्यात पकडतात. सर्टिफिकेटवाल्यांना ते जमतंच असं नाही.

सुनंदा_इंचार्ज: शीर सापडणं वेगळं आणि शिरेत काय चाललंय ते कळणं वेगळं. आणि टिकत नाहीत कारण पगार काय देता, तोही आकडा टाका की इथे.

औषधवाला: फार्मसिस्टला कुणी विचारतच नाही. १९४८ चा कायदा, कलम ४२: नोंदणीकृत फार्मसिस्टशिवाय औषध द्यायचं नाही. आणि हॉस्पिटलच्या मेडिकलवर बसलाय मालकाचा बारावी पास भाचा.

रात्रपाळी: सुई कोण टोचतं ते सोडा, रात्री ऑर्डर कोण लिहितं? बोर्डावर एमडीचं नाव, वॉर्डात आरएमओ, म्हणजे ड्युटी डॉक्टर, तो बीएचएमएस, होमिओपॅथीवाला.

होमिओ_आरएमओ: आलात ना घसरत! तुमचे एमडी रात्री दोनला फोन उचलत नाहीत, तेव्हा धाप लागलेल्या म्हाताऱ्यापाशी आम्हीच असतो. होमिओपॅथांना ॲलोपॅथीची औषधं देता यावीत म्हणून २०१४ ला राज्याने कायदा बदलला, त्यासाठीचा एक वर्षाचा सीसीएमपी कोर्स केलाय, परीक्षा देऊन.

रात्रपाळी: एमबीबीएसला साडेचार वर्षं लागतात, वर इंटर्नशिप. तुम्ही वर्षात उरकलंत, अभिनंदन. ॲलोपॅथी डॉक्टरांची संघटना आयएमए याविरुद्ध उगाच कोर्टात गेली म्हणायची.

होमिओ_आरएमओ: आयएमएच्याच मेंबरांची हॉस्पिटलं आमच्यावर चालतात. ठेवा ना एमबीबीएस रात्रपाळीला, माझ्या पगारात. एक आणून दाखवा.

तालुका_डॉक्टर: हे मात्र खरंय.

रात्रपाळी: खरंय? स्वस्त पडतं म्हणून खरं?

होमिओ_आरएमओ: स्वस्त कुणाला म्हणता? तुमच्या आईला रात्री अटॅक आला ना, तर पदवी विचारत बसा.

सुनंदा_इंचार्ज: आई काढायची नाही. आणि मला एवढंच ठाऊक आहे, फोनवरची ऑर्डर कुणाचीही असो, सकाळी सही मागायला गेलं की "मी असं बोललोच नव्हतो." मी मोठ्याने परत वाचून दाखवते, दुसरी सिस्टर ऐकते, वेळेसकट लिहून ठेवते. मग बोला म्हणावं.

मिरजकर: बरं बाई, "फक्त डॉक्टर" खोडतो. त्याऐवजी लिहितो, इंजेक्शन देणाऱ्याच्या छातीवर नावाखाली कौन्सिलचा नोंदणी नंबर हवा. झालं समाधान?

सुनंदा_इंचार्ज: हे आधीच लिहिलं असतं तर माझी सकाळ वाया गेली नसती.

तालुका_डॉक्टर: बोलायला सोपं आहे. माझ्याकडे दोनच बिल्ले लागतील.

मिरजकर: आणि त्या दोघी घरी गेल्यावर रात्री सुई कोण टोचतं, डॉक्टर?