मदत हवी आहे: मामांना दोन अँटिबायोटिक एकत्र देणार म्हणालेत
नमस्कार मंडळी, मी खानापूरचा. मामा बेळगावात आयसीयूत आहेत, युरीन कल्चरमध्ये क्लेबसिएला हा जंतू आलाय, एनडीएमवाला (म्हणजे अँटिबायोटिक फोडणारं एनडीएम एन्झाइम असलेला), मेरोपेनेमसारख्या जबर अँटिबायोटिकलासुद्धा दाद देत नाही. आता डॉक्टर सेफ्टाझिडीम-अ‍ॅविबॅक्टम या एकत्र इंजेक्शनच्या जोडीला अ‍ॅझ्ट्रिओनाम देऊया म्हणालेत. मला कळलं ते असं की एनडीएम एन्झाइमला अ‍ॅझ्ट्रिओनाम फोडता येत नाही पण त्याच जंतूकडचे दुसरे एन्झाइम ते फोडतात आणि त्यांना अ‍ॅविबॅक्टम अडवतं, म्हणून जोडी. हे पटतंय. कोलिस्टिन हे किडनीला त्रास देऊ शकणारं अँटिबायोटिक मात्र नकोच वाटतं, मामांचं क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) आधीच वाढलंय. कुणाच्या पेशंटला ही जोडी दिली असेल तर दोन्ही इंजेक्शनं एकाच वेळी चालवलेली का, किडनी बघून डोस बदलला का? मायक्रोबायोलॉजीतलं कुणी असेल तर प्लीज सांगा, मामी फार घाबरलीय.