बारा युकुलेले आणि केरवा

रत्नागिरीच्या वर्गात बारा जण एकत्र युकुलेले (गिटारसारखं चार तारांचं छोटं वाद्य) वाजवू लागले की सगळं बेसूर होतं, अशी एक तक्रार आहे. दोष बहुधा हातांचा नाही, तारांचा. नायलॉनच्या नव्या तारा काही दिवस ताणत राहतात. जी-सी-ई-ए (चार तारांचे चार सूर) लावून दहा मिनिटं होत नाहीत तोच उतरतात. बाराव्या फ्रेटपाशी (दांड्यावरच्या आडव्या पट्टीपाशी) तार हलकेच उचलून ओढा, पुन्हा लावा, असं तीन-चारदा. सूर नेहमी खालून वर चढवत आणा. वरून उतरवत आणलात तर खुंटीत ढिलाई राहते. आणि एक जण लावत असताना बाकीचे गप्प (हे सर्वांत अवघड!).

स्ट्रमिंगला, म्हणजे तारांवरून हात फिरवायला, आठ मात्रांचा केरवा ताल घ्या, भजनामुळे तो कानात असतोच. १, ३, ५, ७ ला हात खाली. २, ४, ६, ८ ला वर. मग २ आणि ५ ला हात फिरू द्या, पण तारांना लागू देऊ नका. चूक हमखास पाचव्या मात्रेला: हात थांबतो आणि सहावी उशिरा पडते. म्हणून आधी कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) न धरता, डाव्या हाताने तारा हलकेच झाकून नुसती 'खट्खट्' वाजवून घ्या.

दमट हवेत सॉलिड लाकडाच्या युकुलेलेपेक्षा लॅमिनेटचं (पातळ थर चिकटवलेल्या लाकडाचं) बरं, कमी फुगतं.